ग्रंथकारास चार प्रश्न

इतिहासावर किंवा विचारांवर एखादा नवा ग्रंथ निघाला की त्याच्या कर्त्यास चार लोकांसमोर बसवून त्याच्याशी संभाषण करण्याची चाल हल्ली चांगलीच रुळली आहे. शहरांतील सभागृहांत अशी संभाषणे होतात आणि मोबाइलच्या पडद्यावरून ती खेड्यापाड्यांतही पोचतात. चाल चांगली आहे. ग्रंथ मुका असतो, त्यास मध्येच अडवून विचारता येत नाही. ग्रंथकार बोलता असतो, त्यास विचारता येते. परंतु या बैठकींत प्रश्न विचारणारा कोण असतो ते पाहा. बहुधा तोही विद्वानच असतो. एक पंडित विचारतो, दुसरा उत्तर देतो, तिसरा मान डोलावतो. आणि ज्याच्या नांगराच्या, घणाच्या, चाकाच्या व मागाच्या जिवावर सारी राज्ये उभी राहिली, तो आमचा कुणबी, लोहार, कुंभार, कोष्टी शेवटच्या रांगेत गप्प बसतो, नाहीतर दाराबाहेरच असतो. आपणास त्यातले काय कळते, असे तो स्वतःच म्हणतो. आमचे आजचे सांगणे एवढेच आहे की, त्यास पुष्कळ कळते. आणि जे कळत नाही ते विचारण्याचा त्यास पुरा हक्क आहे.

इतिहासाच्या ग्रंथापुढे आमचा समाज आजवर दोन रीतींनी वागत आला. दोन्ही रीतींनी नुकसान आमचेच झाले.

पहिली रीत म्हणजे छापले ते खरे मानणे. पूर्वी पोथीपुढे हात जोडत, आता जाड पुठ्ठ्याच्या ग्रंथापुढे जोडतात. पोथी सांगणारा म्हणे, हे शास्त्र आहे, विचारू नका. ग्रंथ सांगणारा म्हणतो, हे संशोधन आहे, तुम्हास समजावयाचे नाही. ऐकणाऱ्याच्या पदरी दोन्ही वेळा सारखेच पडते.

दुसरी रीत म्हणजे ग्रंथ न वाचताच संतापणे. २००३ साली एका परदेशी विद्वानाचा शिवछत्रपतींवरील ग्रंथ निघाला. त्यात महाराजांच्या आईबापांविषयी आधार नसलेला, मनास डागणी देणारा मजकूर होता. महाराष्ट्रातील काही इतिहासकारांनी प्रकाशकास पत्र लिहून त्याचा निषेध केला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रकाशकाने ग्रंथ बाजारातून काढून घेतला. पत्राने जे व्हावयाचे ते झाले होते. तरीही ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात जमाव घुसला आणि त्याने कपाटे फोडली, जुने ग्रंथ व हस्तलिखिते यांची नासधूस केली. आम्ही विचारतो, त्यात ग्रंथकाराचे काय गेले? गेले ते आमचे. ज्या कागदांवरून खोट्यास खोटे ठरवावयाचे, तेच कागद आपल्या हातांनी फाडणे म्हणजे फिर्यादीने आपलाच पुरावा चुलीत घालण्यासारखे आहे.

तेव्हा लोटांगण नको आणि दगडही नको. मग काय हवे? प्रश्न हवा. ही गोष्ट आम्ही विलायतेहून आणलेली नाही, ती आमच्या घरचीच आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला तो सोळा भागांत आणि संवादाच्या रूपाने. त्यात धोंडिबा विचारतो आणि जोतीराव सांगतात. जोतीरावांस सरळ निबंध लिहिता येत नव्हता काय? उत्तम येत होता. परंतु आपल्या वाचकाने केवळ ऐकू नये, धोंडिबासारखे विचारावे, हे त्यांस शिकवावयाचे होते. पुढे 'सत्सार'चे अंक निघाले, 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहिले गेले, त्यांतही प्रश्नोत्तरांचीच पद्धत आहे.

याहून मोठी गोष्ट 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाची. तो १८८३ साली लिहून झाला. लिहीत असतानाच जोतीरावांनी त्याचे भाग मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर इत्यादी ठिकाणी लोकांस वाचून दाखविले, आणि बडोद्याचे सयाजीराव गायकवाड महाराज यांसही ऐकविले. म्हणजे ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यासमोरच ग्रंथकार वही घेऊन बसला. मळ्यातल्या माणसाने 'हे असे नाही' म्हटले असते तर ते तेथेच कळले असते. आजच्या किती विद्वानांनी आपला ग्रंथ छापखान्यात धाडण्यापूर्वी ज्यांच्याविषयी तो लिहिला त्यांच्या चावडीवर वाचला असेल? हा आमचा टोमणा नव्हे, अपेक्षा आहे.

आता प्रश्न विचारावयाचा म्हणजे काय विचारावयाचे? उगीच वाकडे विचारून विद्वानास अडचणीत आणणे हा पुरुषार्थ नव्हे. ट्रेनिंग कॉलेजात आम्हास शिकविले होते की, चांगला प्रश्न तो, ज्याने सांगणारा व ऐकणारा दोघेही शहाणे होतात. आमच्या मते कोणत्याही इतिहासाच्या ग्रंथकारास पुढील चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : हे कशावरून?

व्यापाऱ्याने बाकी सांगितली तर आपण वही पाहावयास मागतो. विद्वानाने साल सांगितले तर त्याचीही वही पाहावयास मागावी. कागद कोणता, तो लिहिला कोणी, गोष्ट घडली तेव्हाच लिहिला की शंभर वर्षांनी, आणि त्यास दुसरा साक्षीदार आहे काय? शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचेच उदाहरण घ्या. पुष्कळ वर्षे वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७ साल धरले जात होते. पुढे भोरकडील कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातील शकावली उजेडात आली. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली. तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी होती. एका कागदावर कोणी लगेच विश्वास ठेवला नाही. मग कवींद्र परमानंदाचे 'शिवभारत' सापडले, त्यात तीच तिथी. राजस्थानात जोधपूरकडे जन्मपत्रिका मिळाली, तीही तिथीस जुळली. एक कागद मावळातला, एक संस्कृत काव्य, एक पत्रिका मारवाडातली. हे तिघे साक्षीदार संगनमत करण्याजोगे नव्हते. म्हणून अभ्यासकांचे मत फिरले, आणि २००१ साली महाराष्ट्र सरकारनेही ती तारीख मान्य केली. वाचकहो, यात दोन धडे आहेत. खरा विद्वान पुराव्यापुढे मत बदलतो, हा एक. आणि पुरावा एका खेड्यातील घराच्या दप्तरात होता, हा दुसरा.

दुसरा प्रश्न : यात आम्ही कोठे आहोत?

राजा लढाईस निघाला असे ग्रंथात असते. त्याच्या घोड्यास नाल कोणी ठोकला, फौजेची वैरण कोणाच्या शेतातून गेली, तोफेचा गाडा कोणी केला, हे बहुधा नसते. विचारले तर उत्तर मिळते की, कागदांत ते नाही. हे उत्तर सगळे खरे नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे मोडी कागद कोट्यवधींच्या संख्येने आहेत. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० पासूनच्या काही वर्षांत त्यांतून निवडून ४५ भाग छापले, तरी तो ढिगातला मूठभर दाणा. वतनाच्या तंट्यात गोतसभा बसे, महजर होई आणि त्यावर गावच्या लोकांच्या निशाण्या होत. पाटलाची निशाणी नांगर, आणि बलुतेदारांच्या निशाण्या त्यांच्या त्यांच्या धंद्याच्या हत्यारांच्या. ज्यांस अक्षर येत नव्हते त्या आमच्या खापरपणज्यांनी आपले हत्यार कागदावर काढून साक्ष दिली आहे. ती साक्ष कोणी वाचावयाची? जपानातील हिरोशी फुकाझावा या विद्वानाने जुने मराठी कागद वाचून आमची गावकी, बलुते, वतने व जाती यांवर लिहिले. त्यांचे निबंध १९९१ साली ग्रंथरूपाने निघाले. सातासमुद्रापलीकडचा मनुष्य आमच्या सुतार-लोहारांचे हक्क शोधीत बसला, आणि आमच्या मुलास मोडीचे एक अक्षर लागत नाही!

याच प्रश्नाची दुसरी बाजू घरातली. 'आम्ही कोठे' असे पुरुष विचारतो तेव्हा घरातील बाई कोठे आहे हेही विचारावे. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून हाच प्रश्न साऱ्या पुरुषजातीस टाकला. तेव्हा त्यांच्यावर टीकेचा गदारोळ उठला आणि 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली ती जोतीरावांनी. पुढे तो ग्रंथ किती तरी दशके विस्मृतीत पडून होता. ज्या ग्रंथकारास आपण प्रश्न विचारू त्याच्या अनुक्रमणिकेत शेतात खुरपणारी, चाकासाठी माती मळणारी, मागासाठी कांड्या भरणारी बाई आहे की नाही, ते पाहून घ्यावे.

तिसरा प्रश्न : तुमच्याविरुद्ध कोण काय म्हणतो?

एकाच गोष्टीची दोन वर्णने असतात हे बांधावरच्या भांडणावरून आपण जाणतो. पंच दोघांचेही ऐकतात. इतिहासातही तसेच आहे. शिवाजीराजे एकच, परंतु जोतीरावांनी १८६९ साली पवाडा रचला तेव्हा त्यांस शेतकऱ्यांचा राजा दिसला. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर इंग्रजीत लिहिले तेव्हा त्यांनी संतांच्या कामगिरीवर भर दिला. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी १९०७ साली मराठीत विस्तृत चरित्र लिहून सर्वसामान्य वाचकाच्या हाती दिले. इतिहासाचार्य राजवाडे यांचा ओढा रामदासांकडे होता. प्रत्येकाने निरनिराळा प्रश्न मनात धरला, म्हणून निरनिराळे उत्तर निघाले. एकाचेच ऐकणारा वाचक म्हणजे एकाच पक्षाचे ऐकून निवाडा देणारा पंच.

आणि विरुद्ध प्रश्नाने विद्या वाढते, नासत नाही. साताऱ्यास रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफ या इंग्रजाने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापला. पुढे चाळीस वर्षे तोच प्रमाण मानीत. मग १८६७ च्या सुमारास पुण्यात शिकणाऱ्या नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने त्यातील उणिवा दाखवून टीका लिहिली. साहेबाचे राज्य, साहेबाचा ग्रंथ आणि प्रश्न विचारणारा एक विद्यार्थी! त्यानंतर १८७८ साली 'काव्येतिहाससंग्रह' निघाले, १८९८ पासून राजवाड्यांचे साधनांचे खंड निघू लागले, १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. एका विद्यार्थ्याने विचारले नसते तर किती कागद वाळवीने खाल्ले असते याचा हिशेब करावा.

हाच तिसरा प्रश्न आपल्या माणसांसही विचारावयाचा. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण येथेच आमचा पाय अडखळतो. हल्ली प्रत्येक जातीचा इतिहास छापून निघतो आणि प्रत्येक जात कोणत्या ना कोणत्या राजघराण्याची निघते. सगळेच राजे होते तर नांगर कोण धरीत होते? आपल्या आजोबाने घण मारला यात लाज कसली, की त्याच्या हाती तलवार दिल्यावाचून आपणास बरे वाटू नये? अशा पुस्तकाच्या कर्त्यासही विचारावे, 'हे कशावरून?' जोतीरावांसही विचारावे. 'गुलामगिरी'त त्यांनी नावांची फोड करून काढलेले कित्येक अर्थ आजच्या भाषाशास्त्रास मान्य नाहीत. त्याने जोतीरावांचे मोठेपण तिळभर उणे होत नाही, कारण ज्ञानाच्या दाराशी आमच्या लोकांस आणून उभे करण्याचे त्यांचे काम त्या व्युत्पत्तींवर उभे नव्हते. ज्याने आम्हास विचारावयास शिकविले त्यालाच विचारण्याचे सोडून आम्ही पुजू लागलो, तर त्याची शिकवण आम्ही हार घालून पुरली असेच होईल.

चौथा प्रश्न : हे आमच्या भाषेत, आमच्या ऐपतीत का नाही?

सत्यशोधक चळवळीवरचे पुष्कळ चांगले संशोधन आधी इंग्रजीत निघाले. गेल ऑम्व्हेट यांचा ब्राह्मणेतर चळवळीवरील ग्रंथ १९७६ साली, रोझालिंड ओहॅनलन यांचा जोतीरावांच्या काळावरील ग्रंथ १९८५ साली, दोन्ही इंग्रजीत. त्या विदुषींचे उपकार आम्ही मानतो. गेलबाई तर अमेरिकेतून आल्या आणि सांगली जिल्ह्यातील कासेगावी राहून आमच्यातल्याच झाल्या. २०२१ साली तेथेच त्यांनी देह ठेवला. परंतु ज्या धोंडिबाच्या आजोबाची हकीकत त्या ग्रंथांत आहे त्या धोंडिबास ती वाचावयास मिळेपर्यंत वर्षानुवर्षे जातात, आणि मिळते तेव्हा किंमत पाहून तो ग्रंथ परत फळीवर ठेवतो. विद्वानांनी इंग्रजीत लिहू नये असे आम्ही म्हणत नाही. एक मोठा ग्रंथ इंग्रजीत लिहिला तर त्याचे शंभर पानांचे सार मराठीत, साध्या बोलीत, स्वस्त कागदावर काढावे. कॉम्रेड गोविंद पानसरे यांचे 'शिवाजी कोण होता?' हे लहानसे पुस्तक एका व्याख्यानातून तयार झाले, १९८८ साली निघाले, आणि मोठमोठे ग्रंथ पोचले नाहीत अशा घरांत पोचले. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि त्यांतच त्यांचा अंत झाला. ग्रंथाविषयी मोकळेपणी बोलणे ही कधी कधी किती महाग पडणारी गोष्ट आहे हे त्यावरून ध्यानी यावे. ज्या समाजात प्रश्नाचे उत्तर गोळीने देण्याची हिंमत होते, तेथे प्रश्न विचारणारे एकटेदुकटे असून भागणार नाही. गावेच्या गावे विचारणारी हवीत.

हे कसे घडावे? आम्ही शाळामास्तर, आमची सूचना मास्तरी थाटाची आहे. गावच्या वाचनालयाने वर्षाकाठी इतिहासाचा एकच ग्रंथ घ्यावा, पण तो पुरा वाचावा. सुगी आटोपल्यावर रात्री एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. ज्यास अक्षर येत नाही तोही यात बरोबरीचा आहे. बायकांसाठी वेळ अशी ठेवावी की चूल आटोपून त्यांस बसता येईल. अडेल तेथे थांबावे आणि प्रश्न वहीत टिपावा. वही भरली की पोस्टकार्डावर चार नेमके प्रश्न उतरवून ग्रंथकारास धाडावे. पुष्कळ विद्वान उत्तर देतात. त्यांसही आपला ग्रंथ कोणी खरोखर वाचला याचा आनंद होतो. जमल्यास त्यांस गावी बोलवावे, भाकरी खाऊ घालावी, आणि हार, श्रीफळ, प्रास्ताविक यांत घटका न घालविता सरळ प्रश्नांस हात घालावा. उत्तर पटले नाही तर तसे सांगावे. पटले तर तेही सांगावे. विद्वान कोणत्या जातीचा आहे हा पाचवा प्रश्न मात्र त्या यादीत घालू नये. त्र्यंबक शंकर शेजवलकर जन्माने ब्राह्मण, पण पेशवाईवर त्यांनी केलेली कडक टीका वाचून पाहावी. माणसाची परीक्षा त्याच्या पुराव्यावरून करावी. नाहीतर ज्या मापाने आम्हास पिढ्यान्‌पिढ्या मोजले गेले तेच माप आम्ही हाती घेतले असे होईल.

आणखी एक काम प्रत्येक घराचे. माळ्यावरच्या गाठोड्यात, देव्हाऱ्यामागच्या नळकांड्यात जे जुने मोडी कागद असतील ते रद्दीवाल्यास देऊ नका, नदीत सोडू नका. कोरड्या फडक्यात बांधून ठेवा, वाचता येणाऱ्याकडून वाचून घ्या, मोबाइलवर त्यांची चित्रे काढून ठेवा. घरात एका तरी मुलास किंवा मुलीस मोडी शिकवा. कारीच्या जेध्यांच्या घरी शकावली होती. तुमच्या घरी पाण्याच्या पाळीचा कागद असेल, बलुत्याचा तंटा असेल, आजीने सावकारास दिलेला अंगठा असेल. पुढच्या इतिहासकारास 'यात आम्ही कोठे आहोत' असे विचारताना तो कागद त्याच्यापुढे ठेवता आला पाहिजे.

केळुसकर गुरुजींनी १९०७ साली मॅट्रिक झालेल्या एका मुलास आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. तो मुलगा भीमराव आंबेडकर. ग्रंथकाराने आपला ग्रंथ योग्य हाती दिला आणि त्या हातांनी पुढे काय केले हे सर्वांस ठाऊक आहे. मात्र त्या मुलाने तो ग्रंथ डोक्यास लावून कोनाड्यात ठेवला असता तर काय झाले असते? त्याने तो वाचला, जन्मभर त्यावर प्रश्न केले, दुसरे शेकडो ग्रंथ त्याशेजारी ठेवून ताडून पाहिले, आणि मग आपला स्वतःचा ग्रंथ लिहिला. शेतकरी व कारागीर बांधवांनो आणि भगिनींनो, ग्रंथ हाती आला म्हणजे पिकासारखा आला. तो झोडपावा, उफणावा, कोंडा एकीकडे नि दाणा एकीकडे करावा. हे काम तुमच्याइतके चांगले कोणास येते? सुपे तुमच्या घरी आहेत. यंदाच्या सुगीनंतर ती ग्रंथांसाठीही काढा.